डीएपीची पोती कुणी वाचवली? कळमेश्वर तालुक्यातील फूलकोबीच्या एका वावराचे प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूर शहराच्या वायव्येला, कळमेश्वर तालुक्यात साडेचार एकर शेती असलेल्या एका कुटुंबाचे हे प्रकरण आहे. गावाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही. कुटुंबप्रमुखाला गावात सगळे काकाजी म्हणतात आणि पुढेही तोच उल्लेख ठेवला आहे. अडीच एकरांत कापूस आणि तूर, तर विहिरीच्या पाण्यावरील दोन एकरांत गेली बारा वर्षे सलग भाजीपाला घेतला जातो. खरिपात वांगी, हिवाळ्यात फूलकोबी आणि कडेच्या वाफ्यांत सांभार (कोथिंबीर), असा क्रम सहसा चुकत नाही. माल पहाटे नागपूरच्या कॉटन मार्केटला किंवा कळमन्याच्या बाजाराला जातो. मी या भागातील भाजीपाला उत्पादकांच्या एका गटाला सल्ला देण्याचे काम करतो आणि येथे लिहिलेल्या बऱ्याच निर्णयांत, चुकीच्या निर्णयांतसुद्धा, माझा वाटा होता.

जमीन भारी काळी आणि चुनखडीयुक्त आहे. अशा जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) दिला की त्याचा बराच भाग कॅल्शियमशी बांधला जातो आणि त्या हंगामातील पिकाला मिळत नाही. काकाजींना हे अनुभवाने ठाऊक होते, परंतु त्यावरचा त्यांचा उपाय अधिक डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट हे खत) देणे हाच होता. फूलकोबीला ते एकरी चार पोती डीएपी, दोन पोती १०:२६:२६ (आकडे अनुक्रमे नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश म्हणजे पोटॅश यांच्या टक्क्यांचे) आणि चार पोती युरिया देत. ५० किलोच्या डीएपीच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते, तर ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असते. या हिशेबाने त्यांच्या फूलकोबीला एकरी सुमारे १२९ किलो नत्र, ११८ किलो स्फुरद आणि २६ किलो पालाश मिळत होता. या पिकासाठी सर्वसाधारणपणे वापरली जाणारी हेक्टरी १५०:७५:७५ ही शिफारस एकरावर आणली तर ६०:३०:३० होते. म्हणजे नत्र दुप्पट आणि स्फुरद जवळजवळ चौपट दिला जात होता.

अडचण

२०२२ च्या खरिपाआधी डीएपीसाठी दोन-दोन चकरा माराव्या लागल्या आणि मिळाला तोही ‘लिंकिंग’मध्ये. डीएपी हवा असेल तर सोबत दुसरा माल घ्यावाच लागेल, अशी अट दुकानदार घालतात, तिला शेतकऱ्यांनी दिलेले हे नाव आहे. काकाजींच्या गळ्यात त्या वेळी जिवाणू संवर्धकांचा, म्हणजे जिवंत जिवाणू असलेल्या खतांचा, एक खोका पडला. मी जूनच्या अखेरीस त्यांच्याकडे गेलो तेव्हा तो गोठ्याच्या टिनाखालच्या फळीवर ठेवलेला होता आणि टिनाला हात लाववत नव्हता.

“साहेब, थे पाकिटं तं दुकानदारानं गळ्यात मारले. आता फेकू का वापरू?”

खोक्यात तीन प्रकारची पाकिटे होती. अॅझोटोबॅक्टर हवेतील नत्र स्थिर करतो. दुसरे पाकीट स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे, म्हणजे सगळे ज्याला पीएसबी म्हणतात त्याचे होते. तिसरे रायझोबियमचे होते आणि त्यावर ‘सोयाबीनकरिता’ असे स्पष्ट छापलेले होते. रायझोबियम केवळ शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करतो, आणि त्यातही सोयाबीनचा वेगळा व तुरीचा वेगळा असतो. वांग्याला त्याचा उपयोग शून्य. हे पाकीट बाजूला काढून उरलेली दोन वापरून पाहू, असे आम्ही ठरवले. काकाजींची अडचण मात्र पाकिटांची नव्हती. डीएपी कमी केला तर पीक बसेल का, हा त्यांचा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर या पाकिटांत असावे, अशी त्यांची आशा होती.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात वांग्याची लावण झाली. पुनर्लागवडीच्या वेळी रोपांची मुळे जिवाणूंच्या द्रावणात बुडवली, आठवड्याने तेच द्रावण बुंध्याशी ओतले आणि रासायनिक खत एकदम निम्म्यावर आणले. निम्म्याचा आकडा मी सांगितला होता. त्यामागे माती परीक्षण नव्हते. काकाजींकडे २०१६-१७ मधील मृदा आरोग्य पत्रिका होती आणि तिच्यात स्फुरद ‘मध्यम’ लिहिलेला होता. त्यावर मी विसंबलो. त्या योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरचा आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरचा चौकोन आखून त्यातून एक नमुना घेतला जात असे, हे मला माहीत होते. काकाजींच्या दोन एकर भाजीपाल्याची माती त्या नमुन्यात कितपत आली असेल, हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय ज्या नागपूर शहरात आहे, तेथून तासाभराच्या अंतरावर बारा वर्षे भाजीपाला घेतलेल्या वावराची स्वतंत्र माती एकदाही तपासली गेलेली नव्हती, याची खंत आजही वाटते.

त्या जुलैत विदर्भात अतिवृष्टी झाली. काळ्या जमिनीत पाणी साचले, वाफसा येईना आणि पाने पिवळी पडू लागली. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, शिवाय जमिनीतील नायट्रेट वायुरूपात उडून जाते, त्यामुळे ही पिवळेपणाची लक्षणे खत कमी केल्याची होती की पाण्याची, हे पाहून ओळखणे शक्य नव्हते. काकाजींनी तिसऱ्या आठवड्यात युरिया फेकला. नंतर त्यांनीच सांगितले, “पान पिवळं दिसलं की माणूस थांबत नाही जी, युरिया फेकते.” ऑगस्टअखेरपर्यंत सगळे खत जुन्या प्रमाणावर गेले होते. वांगी बऱ्यापैकी निघाली, परंतु जिवाणूंनी काही केले की नाही, हे सांगता येईल असे काहीच शिल्लक राहिले नाही.

खरा उलगडा घरातील वहीने केला. काकाजींच्या सुनेला प्रत्येक मजुरी, फवारणी आणि तोडा तारखेसह लिहून ठेवायची सवय आहे. सप्टेंबरमध्ये आम्ही ओसरीत बसून पाने उलटत होतो तेव्हा तिने एका ओळीवर बोट ठेवले. “मामाजी, जिवाणू ओतल्यावर सहाव्या दिवशी आपण मरीसाठी निळी पावडर ओतली होती.” मरी म्हणजे रोपे सुकून मरण्याचा रोग; निळी पावडर म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइड, आणि तिच्यासोबत स्ट्रेप्टोमायसिनची पुडीही गेली होती. एक ताम्रयुक्त बुरशीनाशक आणि दुसरे थेट प्रतिजैविक. ज्या बुंध्याशी जिवाणू ओतले, त्याच बुंध्याशी सहा दिवसांनी जिवाणू मारणारे द्रावण ओतले गेले होते. दोन्ही कामे मीच वेगवेगळ्या वेळी सांगितलेल्या सल्ल्यांतून आली होती.

त्याच आठवड्यात उरलेल्या पीएसबीचे पाकीट मी शहरातील एका प्रयोगशाळेत नेले. तेथे पिकोव्हस्काया नावाचे माध्यम वापरतात. त्यात न विरघळलेले कॅल्शियम फॉस्फेट मिसळलेले असल्याने ताटली दुधाळ दिसते आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या वसाहतीभोवती काचेसारखे पारदर्शक कडे उमटते. खत नियंत्रण आदेशात जैविक खतांचा समावेश २००६ मध्ये झाला आणि त्यातील मानकानुसार भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी, तर द्रवरूप संवर्धकाच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. भुकटी दहा हजार पट विरळ करून त्याचा एक दशांश मिलिलिटर ताटलीवर पसरला, तर मानकाप्रमाणे निदान ५०० वसाहती यायला हव्यात. आमच्या ताटलीवर कडे असलेल्या ११ वसाहती होत्या. म्हणजे ग्रॅममागे ५ कोटींऐवजी ११ लाख. पाकिटावरची मुदत अजून संपलेली नव्हती. तरीही दोष उत्पादकाचा, दुकानाचा की टिनाखाली गेलेल्या जूनचा, हे ठरवता येत नाही, कारण पाकीट आमच्याकडेही तीन महिने तसेच पडून होते. खरेदीच्या दिवशीच एक पाकीट तपासले असते तर हा प्रश्न निर्माणच झाला नसता.

समोरचे पर्याय

फूलकोबीची लावण ऑक्टोबरअखेरीस करायची होती. त्याआधी भाजीपाल्याच्या वावराचा स्वतंत्र मातीचा नमुना घेतला. सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.५८ टक्के, उपलब्ध नत्र हेक्टरी २९६ किलो म्हणजे मध्यम, पालाश ४२० किलो म्हणजे भरपूर आणि स्फुरद ४१ किलो. हेक्टरी २५ किलोच्या वर स्फुरद ‘जास्त’ धरला जातो. बारा वर्षांचा डीएपी तेथे साठून राहिला होता. पानांवर दिसणारी जस्ताची कमतरताही त्यामुळे वाढली असणार, कारण स्फुरदाचा अतिरेक पिकाच्या जस्त घेण्यात अडथळा आणतो.

पर्याय चार होते. काकाजींचा कल पूर्वीप्रमाणेच खत देण्याकडे होता. वांग्याने त्यांचा जिवाणूंवरचा विश्वास उडाला होता आणि त्यांचा हा निष्कर्ष चुकीचा असला तरी अकारण नव्हता. मुलाला सगळे रासायनिक खत बंद करून शेणखत आणि जिवाणूंवरच जायचे होते. मात्र घरी दोन बैल आणि एक म्हैस एवढीच जनावरे, आणि ढिगात असलेले कुजलेले खत एकराला तीन बंड्यांपेक्षा (बैलगाड्यांपेक्षा) अधिक नव्हते. तेवढ्यावर फूलकोबीची नत्राची भूक भागणार नाही. तिसरा पर्याय माती परीक्षणाप्रमाणे खत द्यायचे आणि जिवाणूंचा नाद सोडायचा, असा होता. चौथा, माती परीक्षणाप्रमाणे ठरलेल्या मात्रेतून नत्र आणखी एक चतुर्थांश कमी करायचा आणि ती उणीव जिवाणू भरून काढतात का, ते पाहायचे.

चौथ्या पर्यायाच्या बाजूने आणि विरोधात जे बोलणे झाले ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण जिवाणू खतांबद्दलचा बहुतेक गोंधळ येथेच होतो. अॅझोटोबॅक्टर हवेतील नत्र स्थिर करतो हे खरे, पण ते काम त्याला फार महाग पडते. नत्राचा एक रेणू फोडायला त्याला निदान १६ एटीपी (पेशीतील ऊर्जेचे रेणू) खर्चावे लागतात आणि ही ऊर्जा तो जमिनीतील सेंद्रिय पदार्थांतूनच मिळवतो. वावरात कर्ब नसेल तर पाकिटातील जिवाणू उपाशीच राहतात. दुसरे असे, की आजूबाजूला अमोनियाचा नत्र सहज मिळत असेल तर तो नत्र स्थिर करण्याचे काम थांबवतो. घरात स्वयंपाक तयार असताना कोणी चूल पेटवत नाही, तसेच ते आहे. म्हणून युरियाची पूर्ण मात्रा आणि अॅझोटोबॅक्टर एकत्र देणे म्हणजे अॅझोटोबॅक्टरचे पैसे वाया घालवणे. पीएसबीच्या बाबतीत आमच्या भागात एक वेगळी अडचण आहे. हे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून कॅल्शियम फॉस्फेट विरघळवतात, परंतु चुनखडीच्या जमिनीत ते आम्ल तेथल्या तेथेच मारले जाते. काचेच्या ताटलीवर दिसणारे पारदर्शक कडे काळ्या जमिनीत तसेच्या तसे उमटेल, असे मानू नये. जिवाणूंचा भाजीपाल्याला होणारा फायदा बऱ्याचदा मुळांच्या वाढीतून येतो. हे जिवाणू मुळांची वाढ उत्तेजित करणारी संप्रेरके तयार करतात, केशमुळे वाढतात आणि असलेले खत पीक अधिक चांगले उचलते.

शेवटी कोणताही एक पर्याय न निवडता, मुलाचा पर्याय वगळून उरलेले तीन आणि तुलनेसाठी आणखी एक, असे चार पट्टे लावायचे ठरले. ही कल्पना मान्य करवून घेणे सर्वांत कठीण गेले. नत्र कमी केलेला पण जिवाणू न दिलेला चौथा पट्टा काकाजींच्या डोक्यात बसेना. “ज्या तासाले काहीच द्याचं नाही, थो तास लावाचा कायले?” (तास म्हणजे पिकाची ओळ.) जिवाणूंच्या पट्ट्यात पीक चांगले आले तर ते जिवाणूंमुळे आले की आधीच जमिनीत भरपूर खत होते म्हणून, हे त्या एका पट्ट्याशिवाय कळणार नाही, हे मी समजावले. सुनेने मध्ये पडून हिशेब मांडला, की चार गुंठ्यांत निम्मे पीक बुडाले तरी किती रुपये जातील. तेव्हा कुठे चार गुंठे मिळाले.

प्रत्यक्ष केलेली कामे

एक एकराचे चार पट्टे केले. पहिल्या १२ गुंठ्यांत काकाजींची जुनी पद्धत. दुसऱ्या १२ गुंठ्यांत माती परीक्षणानुसार मात्रा, म्हणजे एकरी ६० किलो नत्र, तर जमिनीत भरपूर असल्याने स्फुरद आणि पालाश शिफारशीच्या निम्मे, सुमारे १५-१५ किलो. स्फुरदासाठी डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटची दोन पोती घेतली. त्यातून गंधकही मिळते आणि कोबीवर्गीय पिकांना ते मानवते. तिसऱ्या १२ गुंठ्यांत हेच, पण नत्र ४५ किलो आणि सोबत जिवाणू. चौथ्या ४ गुंठ्यांत नत्र ४५ किलो आणि जिवाणू नाहीत. कुजलेले शेणखत आणि झिंक सल्फेट चारही पट्ट्यांत सारखे दिले.

जिवाणू या वेळी द्रवरूप घेतले, थेट उत्पादन करणाऱ्या प्रयोगशाळेतून, ताज्या तारखेचे, आणि ते ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत आणले. एक बाटली आधीच तपासून घेतली आणि ती मानकात बसली. लावणीच्या पाच दिवस आधी शंभर किलो चाळलेल्या, पूर्ण कुजलेल्या शेणखतात ते मिसळून निंबाखाली ढीग केला आणि वर ओले पोते टाकले. खत कच्चे असेल तर ढीग तापतो आणि जिवाणू तेथेच संपतात, म्हणून रोज सकाळी हात घालून पाहायचे काम सुनेने घेतले. हाताला ढीग गार लागला पाहिजे आणि मूठ आवळली तर पाणी न गळता लाडू झाला पाहिजे, एवढीच कसोटी होती. पाचव्या दिवशी ढिगाला पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास होता. हे खत तिसऱ्या पट्ट्याच्या सऱ्यांत, रोपाच्या मुळांजवळ पडेल असे दिले. वरून फेकून उन्हात सोडले नाही.

रोपे एका रोपवाटिकेतून आणली होती. निघण्याआधी त्यांना ताम्रयुक्त काही दिले आहे का, हे विचारले, तर आदल्याच दिवशी फवारणी झाल्याचे कळले. येथे आम्ही लावण आठ दिवस पुढे ढकलली आणि ट्रे घरी आणून सावलीच्या जाळीखाली ठेवले. फूलकोबीच्या बाबतीत आठ दिवसांचा उशीर छोटा नसतो, कारण लावण जितकी लांबते तितका माल जानेवारीच्या पडत्या भावात सापडतो. तरीही हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. लावणीच्या दिवशी ऊन कलल्यावर तिसऱ्या पट्ट्याच्या रोपांची मुळे पंधरा-वीस मिनिटे द्रावणात ठेवली आणि लगेच लावून पाणी दिले. युरिया सर्व नव्या पट्ट्यांत तीन हप्त्यांत विभागला आणि दर वेळी मातीआड करून पाणी दिले. सामू ८ च्या वर असलेल्या ओल्या जमिनीवर उघडा फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो, आणि काकाजींच्या जुन्या १२९ किलोंतला बराच नत्र वर्षानुवर्षे असाच हवेत गेला असावा.

वहीत एक नियम मोठ्या अक्षरांत लिहिला गेला. तिसऱ्या पट्ट्यात कोणतेही बुरशीनाशक किंवा प्रतिजैविक बुंध्याशी ओतायचे झाल्यास आधी फोन करायचा. तशी वेळ आली नाही.

निष्पत्ती

पंचविसाव्या दिवशी तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्यातील एकेक रोप उपटून बादलीत धुतले. तिसऱ्यातील रोपाची पांढरी मुळे स्पष्टपणे दाट होती, पाण्यातून काढताना दाढीसारखी लोंबत होती. काकाजी एवढ्यावरच खूश झाले. एका रोपावरून काही सिद्ध होत नाही, असे मी म्हटले, पण ते त्यांनी ऐकले असे वाटत नाही.

जानेवारीतील तीन तोड्यांत प्रत्येक पट्ट्याचा माल काट्यावर वेगळा मोजला. गुंठ्याला सरासरी उत्पादन पहिल्या पट्ट्यात २१४ किलो, दुसऱ्यात २११, तिसऱ्यात २०६ आणि चौथ्यात १८८ किलो भरले. पहिल्या पट्ट्यात मावा अधिक आला आणि एक फवारणी जास्त लागली.

हे आकडे सावकाश वाचावेत. पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्यातील फरक नगण्य आहे. म्हणजे नत्र निम्म्याहून कमी आणि स्फुरद सातवा-आठवा हिस्सा करूनही पीक तेवढेच आले, आणि त्यात जिवाणूंचा काहीही वाटा नव्हता. त्या वेळच्या दरांनी, म्हणजे डीएपी १,३५० रुपये, १०:२६:२६ सुमारे १,४७० आणि युरिया २६६ रुपये ५० पैसे धरून जुन्या पद्धतीचा खताचा खर्च एकरी ९,४०० रुपये होत होता. दुसऱ्या पट्ट्याचा तो २,७०० रुपयांच्या आसपास आला. ही सगळी बचत माती परीक्षणाची आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्यांतील गुंठ्यामागे १८ किलोंचा फरक जिवाणूंच्या बाजूने जातो. नत्र १५ किलोंनी तोडल्यावर जे पीक घटले असते, त्यातील बरेचसे जिवाणूंनी सावरले, असे त्याचे वाचन करता येते. पैशांच्या हिशेबात मात्र चित्र पालटते. १५ किलो नत्र म्हणजे ३३ किलो युरिया, आणि अनुदानामुळे त्याची किंमत शेतकऱ्याला २०० रुपयांच्या आत पडते. जिवाणूंना एकरी सुमारे ६०० रुपये आणि सुनेचे पाच दिवस लागले. युरिया इतका स्वस्त असेपर्यंत केवळ नत्र वाचवण्यासाठी जिवाणू घेणे या कुटुंबाला परवडत नाही. जमिनीत आणि विहिरीत जाणारे नायट्रेट कमी होते, हा फायदा खरा आहे, पण तो काकाजींच्या वहीच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

शेजारच्या वावरात

फेब्रुवारीत काकाजींनी गावात सांगितले, की जिवाणूंनी त्यांचा डीएपी वाचवला. ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी जिवाणू वापरले होते आणि त्यांचा डीएपी वाचला होता, आणि दाट मुळे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. मी गटाच्या बैठकीत चारही पट्ट्यांचे आकडे फळ्यावर मांडले, पण गोष्ट आकड्यांच्या आधी गावात पोहोचली होती.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सहा जणांनी जिवाणू आणले. त्यांतील एकाचे वावर उताराला, बरड, मुरमाड आहे आणि तेथे तो पहिल्यांदाच भाजीपाला घेत होता. त्याने माती तपासली नाही, जिवाणू दिले आणि डीएपी पूर्ण बंद केला. डिसेंबरच्या थंडीत त्याच्या फूलकोबीची पाने खालून जांभळी पडली. नमुना तपासला तेव्हा स्फुरद हेक्टरी ७ किलो निघाला. विरघळवण्यासाठी तेथे साठाच नव्हता. बारा एकसष्ट या स्फुरदयुक्त विद्राव्य खताच्या फवारण्या केल्या, परंतु तोवर वाढीचे दिवस गेले होते आणि गड्डे बटणासारखे राहिले.

वेगळे काय करता आले असते

पहिल्याच हंगामात खत निम्मे करण्याचा आकडा देण्याआधी त्या वावराची माती तपासायला हवी होती. यात दुमत नाही.

पट्टे निदान दोनदा, वावराच्या दोन टोकांना लावायला हवे होते. चौथा पट्टा धुऱ्याला (बांधाला) लागून आणि किंचित सखल होता, त्यामुळे १८ किलोंतील काही फरक जागेचाही असू शकतो. काकाजींकडून चार गुंठे मिळवण्यात मी इतका गुंतलो, की ते कुठले चार गुंठे आहेत, याकडे पुरेसे पाहिले नाही. अॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी एकत्र दिल्याने कोणी काय केले, हेही सांगता येत नाही. स्फुरदाने भरलेल्या या जमिनीत पीएसबी वगळून फक्त अॅझोटोबॅक्टर ठेवले असते तर उत्तर अधिक स्वच्छ मिळाले असते आणि खर्चही उतरला असता.

सर्वांत मोठा बदल मी सांगण्याच्या क्रमात करीन. बैठकीत मी सुरुवात जिवाणूंपासून केली, कारण लोक त्यासाठीच आले होते. दुसऱ्या पट्ट्याचा आकडा, ज्यात जिवाणू नव्हते आणि तरी एकरी ६,७०० रुपये वाचले, तो मी तिसऱ्या क्रमांकावर सांगितला. तोवर चहा आला होता आणि मागचे दोघे उठून गेले होते. बरड वावराचा मालक त्यांपैकी एक होता.

काकाजी आता माती परीक्षणाप्रमाणे खत देतात आणि जिवाणू फक्त रोपांची मुळे बुडवण्यापुरते वापरतात, कारण त्याला खर्च थोडा आणि वेळ अर्ध्या तासाचा लागतो. चार गुंठ्यांचा पट्टा अजून सोडला जातो. आता तो वावराच्या मधोमध असतो आणि त्याची जागा सून ठरवते.